घरचीच मुलगी, तिला काय विचारायचं

प्रमोदिनी हुपरीकरच्या बारशाला तिच्या आत्यानं पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या, आणि त्या बुक्क्यांच्या गडबडीत आत्यानं त्याच कानात आणखी एक शब्द सोडून दिला. सून. मागं उभ्या असलेल्या दोघीतिघींना तो ऐकू गेला. त्यांनी आणखी बुक्क्या घातल्या आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या. आत्याचा मुलगा हरिहर पाळण्याच्या दोरीला लोंबकळत होता. तो तीन वर्षांचा होता आणि त्याला घुगऱ्यांखेरीज कशातही रस नव्हता.

ही मिरजेतली गोष्ट. प्रमोदिनी आता चौसष्ट वर्षांची आहे, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनशेजारच्या न्यूनेन गावात एकटी राहते, सायकल चालवते, दुधाच्या रसायनशास्त्रात तिची डॉक्टरेट आहे. कानात पाणी गेलं तर माणूस एका पायावर उड्या मारून काढू शकतो. शब्दाचं तसं करता येत नाही. तिनं करून बघितलं होतं.

बोरगावकर आणि हुपरीकर या दोन घरांचं जुनं ठरलेलं होतं. हुपरीकरांनी मुलगी द्यायची, बोरगावकरांनी करून घ्यायची. तिला मुलगा झाला, मोठा झाला, की त्यानं पुन्हा मामाच्या दारात येऊन उभं राहायचं. मामाची मुलगी हक्काची. देशावर कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. कोकणातले लोक नाक मुरडायचे, पण ते कशालाही मुरडतात, असं आत्याचं मत. शिवाय सोय किती. पोर परक्या घरात पडत नाही, आत्याच सासू होते, आणि रुसून बसायला वेगळे व्याही लागत नाहीत.

पहिली गेली जानकी. दुष्काळाचं साल होतं, अठराशे शहात्तर, म्हणून ते घरात लक्षात राहिलं. जानकी आठ वर्षांची, तिचा आतेभाऊ विष्णू बारा वर्षांचा. दोघं एकाच अंगणात वाढलेली, एकाच चिंचेवर दगड मारलेली. मांडवात अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकांना सूर लावला, आणि जानकीनं अंतरपाटाची कड उचलून पलीकडे कोण आहे ते पाहिलं.

“अगबाई, हा?” ती म्हणाली. “ह्याच्याशी नको. हा चिमटे काढतो. मला नाही करायचं.”

मांडव हसला. भटजी हसले, त्यांचा सूर पार खाली गेला. नवरदेवाचे वडील हसले, मुलीचा मामा तिला धरून उभा होता तो इतका हसला की ती त्याच्या हातातून निसटायला आली. हसता हसताच अक्षता पडल्या.

आणि मग तो मांडव हसतच राहिला. पुढच्या प्रत्येक लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात जेवणं उरकून पानसुपारी सुरू झाली की कुणीतरी म्हणे, “जानकीचं सांगा.” आत्या ते फार छान सांगायची. ती बसल्या जागी आठ वर्षांची व्हायची, पदराची कड उचलायची, डोळे मोठे करायची. “ह्याच्याशी नको. हा चिमटे काढतो.” बायका डोळे पुसायच्या. लहानपणी प्रमोदिनीही पोट धरून हसायची आणि म्हणायची, “आत्या, परत.”

जानकीच्या मुलानं जानकीच्या भावाची मुलगी केली. ती दहा वर्षांची होती. थोड्याच वर्षांपूर्वी पुण्यात संमतिवयाच्या कायद्यावरून सभा उधळल्या गेल्या होत्या, वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडली होती. मिरजेत त्याची धग पोचली तेव्हा विष्णुपंत, म्हणजे एके काळचा चिमटे काढणारा, ओसरीवर बसून म्हणाले होते, “संमती कसली घेऊन बसलात? घरचीच मुलगी, तिला काय विचारायचं?” हेही वाक्य घरात टिकलं. पुढं त्याचा उपयोग भाजी वाढतानासुद्धा होऊ लागला. घरचीच आहे, तिला काय विचारायचं, वाढ.

तिसरी चौदा वर्षांची होती. चौथी आत्या, ती एकोणीस. पाचवी म्हणून पाळण्यात वाकून जिच्या कानात सांगितलं, ती ही.

हरिहर तिला आवडत नव्हता असं नाही. दोघांचे कान एकसारखे होते, वरून टोकदार, आणि मे महिन्यात आंबे माचात घालायला मुलांची रांग बसली की ते दोघं शेजारी बसून कुणाचे कान जास्त हलतात याची शर्यत लावायचे. प्रश्न वेगळाच होता. घरातल्या सगळ्या मोठ्या भावंडांना दादा म्हणायचं. हरिहरला तेवढं म्हणायचं नाही.

“त्याला दादा म्हणू नये,” आत्या सांगायची.

“का?”

“कळेल पुढं.”

प्रमोदिनीला पुढं कळेपर्यंत थांबायचं नव्हतं. ती त्याला हरिदादा म्हणू लागली, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. हरिदादा, जेवायला. हरिदादा, तुझी चड्डी दोरीवरून उडाली. भाऊबीजेला तिनं तबक घेऊन त्याला ओवाळायला घेतलं तेव्हा आत्यानं मधेच तबक काढून घेतलं आणि निरांजन विझलं. घरात ते अशुभ धरलं गेलं. मग कॉलेजात गेल्यावर एका नारळी पौर्णिमेला तिनं स्टँडवर गाठून सगळ्यांदेखत त्याच्या मनगटावर राखी बांधली, स्पंजचं मोठं फूल असलेली, आणि आता या दाराला कुलूप लागलं अशा समाधानानं घरी आली.

हरिहरनं ती राखी विहिरीत टाकली. त्याच्या मनात काही होतं म्हणून नव्हे. ते स्पंजचं फूल बाहीत मावत नव्हतं.

बाविसाव्या वर्षी तिला वडिलांनी सांगितलं की वैशाखातला मुहूर्त धरलाय. विचारलं नाही, सांगितलं. त्या संध्याकाळी घर भरलेलं होतं, आत्या आनंदात होती आणि कुणीतरी म्हणालं, जानकीचं सांगा. आत्यानं पदराची कड उचलली. “ह्याच्याशी नको,” आत्या बारीक आवाजात म्हणाली, “मला नाही करायचं,” आणि खोली हसली. प्रमोदिनीनंही हसायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. आठ वर्षांच्या मुलीनं भर मांडवात नाही म्हटलं होतं, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि त्याचा एवढाच परिणाम झाला होता की माणसं हसली होती. ती सगळ्यांकडे बघत राहिली. कोपऱ्यात मनोहरकाका बसले होते, जन्मापासून बहिरे. इतर हसत होते म्हणून तेही हसत होते. तिनं कॉलेजात आनुवंशिकता शिकलेली होती. घरात मनोहरकाकांना दृष्ट लागली होती असं म्हणत.

“मला नाही करायचं,” प्रमोदिनी म्हणाली.

आधी सगळ्यांना वाटलं ती जानकीची नक्कल करतेय. आत्या तर म्हणाली, “बघा, हिला पण जमतं.”

ते नाही म्हणजे खरोखरच नाही, हे कळायला घराला आठवडा लागला. आत्या तिच्याशी बोलायची थांबली. वडिलांनी जेवताना पाठ केली. शेवटी वाखेनिंगेनच्या शेतकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती तिला घेऊन गेली. विमानात तिच्या पिशवीत लसणीची चटणी होती आणि मनात ते एक नाही, त्याखेरीज स्वतःचं असं काही नव्हतं. पुढची चाळीस वर्षं तिनं त्यावर घर बांधलं. प्रयोगशाळेत दुधातल्या स्निग्धांशाचा पिच्छा पुरवला, डच शिकली, एका हेंड्रिकबरोबर काही वर्षं राहिली आणि मग राहिली नाही, न्यूनेनला छोटं घर घेतलं. जड झालं की ती त्या नाहीला मनातल्या मनात हात लावून बघायची. ते जागेवर असायचं.

आणि मग हरिहर नेदरलँड्सला आला. पृथ्वीवर इतके देश असताना त्याच्या कंपनीनं त्याला आम्स्टरडॅमला पाठवलं, तो उइटहॉर्नला राहू लागला, आणि मिरजेत आत्यानं देवापुढं साखर ठेवली. वास्तविक हरिहर येताना बायको आणि लहान मुलगी घेऊन आला होता. पण आत्या नियतीच्या बाबतीत बारीकसारीक तपशिलात शिरत नसे.

हरिहरची बायको मृदुला नाशिकची, कुणाचीच कुणी नव्हे, आणि तिला प्रमोदिनी भयंकर आवडली. “तुम्ही ह्यांना नाही म्हणालात, म्हणून मला मिळाले,” ती पहिल्याच भेटीत म्हणाली. “कधी परत घ्यायचे असले तर सांगा.” दोघी हसल्या. हरिहर गॅसवर दूध उतू जातंय का बघायला गेला. मृदुलाची ही थट्टा पंचवीस वर्षं चालली. मग सहा वर्षांपूर्वी मृदुला आजारी पडली आणि शेवटी दवाखान्यात एकदा तिनं तेच वाक्य म्हटलं, पण हसायला तिच्यात श्वास नव्हता, आणि प्रमोदिनीला ते थट्टेत घ्यावं की कशात घ्यावं हे अजून ठरवता आलेलं नाही.

मृदुला गेल्यावर प्रमोदिनी एक रविवार सोडून उइटहॉर्नला जाऊ लागली. कारण हरिहर एकटा असला की तूरडाळीच्या जागी काहीही शिजवायचा. आइंडहोवनहून आगगाडी, मग बस, पुन्हा बस, तीही रविवारची. ती जायची, वरण करायची, त्याच्या कानाच्या मशिनची बॅटरी बदलायची, कारण हुपरीकरांचं रक्त अखेर त्याच्याही कानात उतरलं होतं, आणि परत यायची. आणि मग ट्रॅम आली. आम्स्टरडॅमच्या झाउड स्टेशनापासून थेट उइटहॉर्नपर्यंत, नवी कोरी, रुळांच्या कडेला हिरवळ. एक रविवार सोडून जाणं दर रविवारचं झालं. मग बुधवारही. आत्याला चार पिढ्यांची पुण्याई आणि दोन ज्योतिषी वापरून जे जमलं नाही ते आम्स्टरडॅमच्या ट्रॅमनं एका हिवाळ्यात केलं.

तिला कळायच्या आधी ते तिच्या पायांना कळलं. स्टेशनात जिना उतरताना ती पळते आहे, हे तिच्या लक्षात आलं. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघ्यात वाळू भरल्यासारखी, आणि पळते आहे, पिशवीतला मेतकुटाचा डबा खुळखुळतो आहे, आणि पुढच्या दहा मिनिटांत दुसरी ट्रॅम असताना ही चुकायला नको आहे. ती मधेच थांबली, कठड्याला धरून. म्हणजे काय हे, ती स्वतःला म्हणाली, आणि उत्तर न देता पुन्हा पळाली.

जूनमध्ये नवं हारिंग आलं तेव्हा ते झालं. उइटहॉर्नला आम्स्टेल नदीच्या काठी गाडी लागते, कच्चा मासा, वर बारीक चिरलेला कांदा. प्रमोदिनी शेपटीला धरून, मान मागं टाकून खाते, इथल्या माणसांसारखी, आणि दर वर्षी हरिहर तेवढा वेळ नदीकडे तोंड करून उभा राहतो. त्यानं जन्मात अंडं खाल्लेलं नाही. त्या दिवशी तो नदीकडे वळला नाही. त्यानं गाडीवाल्याला बोट दाखवून एक मागितलं, शेपटी दोन बोटांत धरली, लहानपणी एरंडेल पिताना करायचा तसं तोंड केलं, आणि खाल्लं. सगळं नाही. अर्धं. उरलेलं अर्धं एका समुद्रपक्ष्यानं त्याच्या हातातून उचललं आणि तो नदीवर निघून गेला.

“हऱ्या, हे काय,” प्रमोदिनी म्हणाली. ती इतकी हसत होती की तिला बाकावर बसावं लागलं.

हरिहरच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कांद्याचंही असू शकेल. “झालं आता,” तो म्हणाला. “चल, करून टाकू.”

“काय करून टाकू?”

“लग्न. आपण घरचेच तर आहोत.”

“बरं,” प्रमोदिनी म्हणाली. हसण्याच्या भरात म्हणाली. खरं तर तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटत होतं, त्या पक्ष्याला बोलावून आणखी एक हारिंग द्यावंसं वाटत होतं.

ट्रॅममध्ये बसल्यावर तिनं ते मनात पुन्हा चाखून पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की विचारलं नाही. याही वेळी नाही. सांगितलं. आपण घरचेच तर. खिडकीच्या काचेत तिचे दोन टोकदार कान दिसत होते. तिला तो हवा होता, त्यात शंका नव्हती, पायांनी तर कधीच कौल दिला होता. पण हे हो आपलं आहे की त्या बाराव्या दिवसाच्या शब्दाचं? की तो कानात इतकी वर्षं नुसता दबा धरून बसला होता, आणि आपण म्हातारपणी मुकाट्यानं पाचवी व्हायला निघालोय? ज्या नाहीवर घर उभं होतं ते काढून घेतलं, तर खाली दुसरं काही आहे का, की आत्याचाच पाट मांडून ठेवलेला आहे? हे ती कुणाला विचारणार होती?

हरिहरच्या मुलीला, ऋताला, सांगितलं तेव्हा ती पॅनकेक उलटत होती. ऋता इथंच वाढलेली, फिजिओथेरपिस्ट, मराठी तिला सगळं समजतं आणि उत्तर येतं ते भलत्याच भाषेतून.

“पप्पा, शी इज युअर कझिन,” ऋता म्हणाली. “लिटरली.”

“मामेबहीण,” हरिहर म्हणाला. “मामेबहीण चालते. आतेबहीणसुद्धा काही ठिकाणी...”

“पप्पा, लिस्ट नकोय मला. जेनेटिकली इट्स...”

“ऋता,” प्रमोदिनी म्हणाली, “आम्हाला मुलं होणार नाहीत. प्रयत्न करू हवं तर.”

ऋतानं कालथा खाली ठेवला आणि डचमध्ये म्हणाली की हे फार म्हणजे फारच विचित्र आहे. मग ती हसायला लागली, मग थोडी रडली, आईची आठवण येऊन, मग तिनं पॅनकेक जळाला म्हणून दोघांना शिव्या दिल्या. “आणि मी आता तुला काय म्हणू? आत्या की आई?”

“आत्याच म्हण. आमच्यात आत्या सगळंच होते.”

“बट लिसन,” ऋता म्हणाली. “गेमेन्टेत सांगू नका. इथं कझिन्सना सहज नाही करू देत आता. सगळंच बंद करायचं म्हणतायत. तुमची आडनावं वेगळी आहेत. नोबडी विल नो.”

“कुळ लपवायचं?” हरिहर म्हणाला. माणूस चोरी करायला सांगितल्यावर जसा बघेल तसा तो तिच्याकडे बघत होता.

म्हणून लग्नाची आगाऊ नोंद करायला ते गेमेन्टेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत गेले तेव्हा फेम्के नावाच्या तरुण मुलीनं तुम्ही एकमेकांचे नातेवाईक आहात का असं विचारल्यावर हरिहर सरसावून बसला. खापरपणजीला डचमध्ये काय म्हणतात ते तो पाठ करून आला होता.

“ही माझ्या मामाची मुलगी,” तो म्हणाला. “माझी आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. आजी, आजोबांच्या मामाची. पणजीचंही तेच. खापरपणजी आठ वर्षांची होती.”

“कशात आठ वर्षांची?”

“लग्नात.”

फेम्केचं टायपिंग थांबलं. “आणि तुमच्या दोघांच्या घरच्यांना हे लग्न...?”

“त्यांचं ठरलेलंच होतं,” हरिहर म्हणाला, जसं कुणी सांगावं की आमच्याकडे नळाला दिवसभर पाणी असतं. “ही जन्मल्यापासून.”

प्रमोदिनीनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर पाय मारला. हरिहरला वाटलं तिला पणजीचं वय हवंय. “दहा,” तो म्हणाला.

फेम्के उठून आत गेली आणि एका वयस्क बाईंशी बोलून परत आली. तिनं नीट समजावून सांगितलं. इथल्या कायद्यानं चुलत-मामे भावंडांना लग्न करता येतं, पण दोघांनी तिच्यासमोर शपथेवर सांगायला हवं की कुणी जबरदस्ती केलेली नाही. आणि हे सगळं ऐकल्यावर तिला दोघांशी वेगवेगळं बोलायला आवडेल. तिच्या आवाजात कायदा कमी होता, काळजी जास्त. प्रमोदिनीला ती मुलगी आवडली. हरिहर आत जाऊन लवकरच बाहेर आला, पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा.

मग तिची पाळी. काचेची छोटी खोली, एक झाड, कागदी रुमालांचा डबा.

“तुम्हाला या माणसाशी लग्न करण्यासाठी कधी कुणी दबाव आणला आहे?” फेम्केनं विचारलं.

प्रमोदिनीनं आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं होतं. मोजमापात ती खोटं बोलू शकत नव्हती. “हो,” ती म्हणाली.

फेम्के पुढं झुकली. “कुणी?”

“आत्यानं. आईवडिलांनी. दोन काकांनी, एका भटजीनं.” तिला आतून कुठून तरी उकळी फुटायला लागली होती. “आणि मिरजेच्या एका टांगेवाल्यानं.”

“टांगेवाल्यानं?”

“तो मला स्टँडवर सोडायला आला होता. वाटेभर म्हणत होता, पोरी, मुलगा चांगला आहे.”

“ही माणसं आता कुठं आहेत?”

“वारली.”

“सगळी?”

“सगळी. घोडासुद्धा.”

आणि मग तिला ते आवरेना. ती हसत सुटली. फेम्केनं रुमालांचा डबा पुढं सरकवला, त्यानं तर आणखीच झालं. तिच्या डोळ्यांपुढं आत्या होती, पाठीत बुक्क्या खाणारी, देवापुढं साखर ठेवणारी, वरून हे बघत असेल तर काय नाचत असेल. तिला वाईट वाटलं, प्रेम वाटलं, पोट दुखायला लागलं. फेम्के थांबली. मग टायपिंग सोडून, हात मांडीवर ठेवून तिनं हळू विचारलं, “पण तुम्हाला? तुम्हाला स्वतःला हे लग्न करायचं आहे का?”

प्रमोदिनी हसतच होती, आणि हसता हसता तिला ते हसणं ऐकू आलं. ओळखीचं होतं. तो मांडव होता, जानकीचा. सगळे हसत होते आणि मधे आठ वर्षांची मुलगी अंतरपाटाची कड धरून उभी होती, काहीतरी बोलून चुकलेली, आणि ते कुणी कानांवर घेतलेलं नव्हतं. दुसरीला विचारलं नव्हतं. तिसरीला नाही. आत्याला, एकोणीस वर्षांच्या आत्याला तरी कुणी विचारलं होतं का? ती इतक्या हौसेनं नक्कल करायची, ती नेमकी कुणाची करत होती? हसणं थांबलं. खोलीत झाडाची पानंसुद्धा हलत नव्हती. समोर एक परकी पोर बसली होती, नाकाला बारीक खडा, आणि ती उत्तराची वाट बघत होती. खरंच बघत होती. नाही म्हटलं असतं तर तिनं नाही असं लिहून घेतलं असतं.

“पुन्हा विचारा,” प्रमोदिनी म्हणाली.

फेम्केला वाटलं तिला डच कळलं नाही. तिनं एकेक शब्द सुटा करून, शाळेत सांगतात तसं पुन्हा विचारलं. प्रमोदिनीनं पूर्ण ऐकून घेतलं. तिला घाई नव्हती. तिनं स्वतःत खाली वाकून पाहिलं. ते नाही तिथंच होतं, आपल्या जागेवर, कुणी काढून नेलेलं नव्हतं. त्याला धक्का न लावता त्याच्या शेजारी बसता येत होतं. आणि तिथंच, अगदी लागून, स्टेशनाचा जिना होता आणि कुणीतरी मेतकुटाचा डबा खुळखुळवत पळत होतं.

“हो,” ती म्हणाली. “मला करायचं आहे.”

मग तिनं उजव्या हाताची दोन बोटं वर केली आणि शपथ घेतली.

बाहेर हरिहर येरझारा घालत होता. पासपोर्टसाठी आलेली माणसं त्याच्याकडे बघत होती. “एवढा वेळ?” तो म्हणाला. मशीन नीट बसलं नसलं की त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. “काय विचारलं तुला?”

“एकच प्रश्न. तू कधी न विचारलेला.”

“मी काय विचारलं नाही?”

“आठव.”

हरिहरनं आठवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “हारिंग खाल्लं की मी,” तो म्हणाला.

“हारिंग खाणं म्हणजे विचारणं नव्हे.”

“अर्धं का होईना.”

“पक्ष्यानं तुझ्याहून जास्त खाल्लं. त्याच्याशी करू का?”

हरिहरनं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला, आणि त्याचे ते टोकदार कान हळूहळू लाल झाले, खालपासून वरपर्यंत. त्यालाही कुणी कधी विचारलं नव्हतं, हे प्रमोदिनीला त्या क्षणी सुचलं. पाळण्याच्या दोरीला लोंबकळणाऱ्या मुलाला कोण विचारतं?

“पमे,” तो म्हणाला, आणि तो आवाज सगळ्या कचेरीभर गेला, “माझ्याशी लग्न करशील का?”

मराठी कुणालाच कळली नाही. पण बाळाची नोंद करायला आलेला एक पुण्याकडचा मुलगा होता, त्यानं झटकन मान वर केली आणि कडेवरच्या बाळासकट उभा राहिला.

प्रमोदिनीनं पिशवी खांद्यावर घेतली. गुडघ्यात वाळू होती, पाय मात्र हलके झाले होते, आणि तिला इतकं हसू येत होतं की ते ओठांवर धरून ठेवताना गाल दुखत होते.

“विचार करून सांगते, हरिदादा,” ती म्हणाली, आणि ट्रॅम गाठायला पळत सुटली.

हरिहर मागून पळत होता. “अगं, आत काय सांगितलंस ते तरी सांग,” तो ओरडत होता, आणि पुण्याकडचा मुलगा कडेवरचं बाळ सांभाळत त्या दोघांसाठी दार धरून उभा होता.